मिठागरातला हंडा

मिठागराच्या मधल्या बांधावरची पाणपोई गावातली तरुण मंडळी पुन्हा बांधून काढत आहेत. तिच्या दगडावर माझं नाव कोरायचं त्यांनी ठरवलं आहे. या मुकादमानं कामगारांना पहिल्यांदा पाणी आणि सावली दिली, असं गावात दोन पिढ्या सांगितलं जातं. ते खोटं आहे, आणि ते दगडावर जायच्या आत मला सांगून टाकायचं आहे.

मी मुकादम झालो तेव्हा मिठाचा सत्याग्रह अजून व्हायचा होता. आमचं मिठागर रेवसच्या खाडीच्या अंगाला. मालक मुंबईचे, अधूनमधून बोटीनं रेवसला उतरत आणि पुढे मचव्यातून येत. पुरुष वाफ्यांतलं मीठ ओढून बांधावर काढत, बाया ते टोपल्यांतून वाहून मिठाच्या राशीवर टाकत. वैशाखात सगळ्यांची धांदल असे, कारण पावसाआधी रास गवतानं शाकारून घ्यावी लागे.

गोडं पाणी मिठागराच्या आत आणायचं नाही, ही तिथली जुनी रीत. सांडलं तर मीठ विरघळतं, आणि आगर रुसतं असंही म्हातारे म्हणत. त्यामुळे पिण्याचे हंडे पार बाहेरच्या बांधावर. आधीचे मुकादम डोळेझाक करत. कुणी पदराआड तांब्या आणला तर दुसरीकडे बघत. मी तसं केलं नाही. माझा बाप त्याच वाफ्यांत पाय फुटेस्तोवर राबला होता आणि मी डोक्याला टोपी घालून बांधावर उभा होतो. ती टोपी टिकवायची, एवढंच माझ्या डोक्यात. दुपारच्या सुट्टीआधी कुणी पाण्याला जायचं नाही, असं मी फर्मावलं.

बायांत सगळ्यांत वडील होती तिला सगळे मावशी म्हणत, मीही म्हणे. ती मला ऐकू जाईल अशा बेतानं बोले, "बायांनो, मुकादमाचे सावलीत उभ्या ऱ्हा. तवरीच काय ती आपली."

एका दुपारी गावातली एक सून राशीच्या पायथ्याशी टोपलीसकट खाली बसली. तिला दिवस गेले होते, हे मलाही माहीत होतं. मावशी बाहेरच्या बांधाकडे गेली, भरलेला हंडा डोक्यावर घेऊन सरळ आत आली आणि तो तिनं राशीला टेकवून ठेवला. मी धावत गेलो आणि हंडा उचलायला सांगितलं.

"आधी पोरीला पिऊ दे, बाला," ती म्हणाली.

मी पायानं हंडा लोटला.

पाणी राशीत शिरलं आणि तिथलं मीठ बसत जाऊन एक खळगा पडला. आगरात गोडं पाणी सांडू नये म्हणून आरडाओरडा करणारा मी, आणि सांडलं ते माझ्याच पायानं. बायांनी त्या सुनेला उचललं आणि घरी नेलं. पुढे थोड्याच दिवसांत तिचं पोटातलं मूल गेलं. ते माझ्यामुळे गेलं, ओझ्यामुळे गेलं की तसंही जायचंच होतं, मला ठाऊक नाही. ठाऊक नाही, एवढ्याच आधारावर मी जन्म काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया आल्या त्या डोक्यावर हंडे-कळश्या घेऊन. आतल्या बांधांवर जागोजाग त्या त्यांनी ठेवल्या आणि शेजारी उभ्या राहिल्या. पश्चिमेला ढग दिसत होते आणि रास उघडी होती. मी आधी दम दिला, मग विनवलं.

"काम करनार न्हाय, आसा कोन बोलला?" मावशी म्हणाली. "हंडा हलनार न्हाय. येवराच."

ऊन वर आलं तरी टोपलीला कुणी हात लावेना. शेवटी मीच म्हणालो, राहू देत हंडे.

मालक आले तेव्हा आत हंडे बघून त्यांच्या भुवया चढल्या. बायांनी अडवलं असं सांगितलं असतं तर त्यांची कामं गेली असती, अशी मी पुढे बरीच वर्षं माझी समजूत घातली. खरं म्हणजे मला माझी नामुष्की लपवायची होती. मी सांगितलं, ही माझी व्यवस्था आहे. बायांच्या खेपा वाचतात, काम लवकर उरकतं. तसं घडतही होतं. मालक खूश झाले. पुढच्या मोसमात त्यांनी मधल्या बांधावर हंड्यांसाठी गवती मांडव घालू दिला, त्याचीच पुढे पाणपोई झाली; खारानं चिरणाऱ्या पायांना लावायला खोबरेल दिलं. दुसऱ्या मिठागरांचे मुकादम ते बघायला येत, आणि माणसं सांभाळली तर कामही सांभाळलं जातं, असं मी त्यांना ऐकवी. बायांकडून शिकलेलं मी माझं म्हणून शिकवत होतो.

हे मावशीच्या कानावर जाणारच होतं. एकदा मांडवात बसून टाचांना तेल चोळता चोळता ती मला म्हणाली, "तुजा नाव होऊ दे, बाला. पानी आमचा ऱ्हाऊ दे."

बाया हसल्या. त्यांच्याबरोबर मीही हसलो, आणि गप्प राहिलो. ती वारली तेव्हाही गप्पच होतो.

पाणपोईच्या कामात जो तरुण पुढे आहे तो त्या सुनेचाच नातू. तिला पुढे मुलं झाली, त्यांतल्या धाकट्याचा हा मुलगा. परवा त्याला घरी बोलावून मी हे सगळं सांगितलं. त्याच्या बरोबरचे म्हणाले, आजोबा, आता कशाला जुनं उकरता, दगडही आणून झालाय. मी म्हणालो, आणलाय, कोरलेला नाही. नातू मात्र एवढंच म्हणाला, आजीनं हे कधी सांगितलं नाही. मग त्यानं विचारलं, "काय कोरायचं?"

"हे पाणी बायांनी आत आणलं," मी म्हणालो. "खाली कुणाचंच नाव नको."

उद्या पाथरवट येणार आहे. मंडळींना अजून वाटतं की म्हातारा ऐन वेळी ऐकेल. मी सकाळीच मधल्या बांधावर जाऊन बसणार आहे, आणि शेवटचं अक्षर कोरून होईस्तोवर उठणार नाही.