देवमनची रविवारची मजुरी

देवमनचा दिवस पहाटे चारला सुरू झाला. रविवार होता, टोळीतले बाकी हमाल घरी झोपले होते. अकोल्यातल्या एका डाळमिलच्या गोदामात तुरीच्या पोत्यांच्या थप्प्या छताला टेकल्या होत्या. अगदी आतल्या कोपऱ्यातला माल काढायचा होता. अडचणीची जागा, म्हणून मजुरी जास्त. देवमन गेला.

याच गोदामात पोळ्याच्या आधी थप्पी सरकून तो पोत्यांखाली दबला होता. हाड एकही मोडलं नाही. पण तेव्हापासून दोन्ही बाजूंना पोती दिसली की छाती आवळायची, हात गार पडायचे. दवाखान्यात छाती तपासली, काही निघालं नाही. डॉक्टरांनी त्याला समुपदेशन करणाऱ्या संध्या मॅडमकडे पाठवलं.

“बोलाचे पैसे देता?” बायको आशाबाई म्हणाली. “माह्याशी बोला, मी फुकटात आयकीन.”

अर्धी गाडी रिकामी करून पूर्ण पैसे मागणाऱ्यांतला देवमन नव्हता. मॅडमकडेही त्यानं तेच धोरण ठेवलं: पैसे तासाचे, तर बोलणंही तासभर. दर सोमवारी एकदा बसला की थांबायचाच नाही. तुरीचे भाव, जावयाची नोकरी, नळाचं पाणी. बोलणं थप्पीपाशी आलं की तिथंच अडकायचं. मग तास वाया नको म्हणून तो दुसराच विषय काढायचा.

सोमवारी संध्याकाळी मॅडमनी त्याला मध्येच थांबवलं.

“देवमनभाऊ, गप्प बसलात तरी चालेल.”

“चूप बसाचे सातशे रुपये?”

मॅडम हसल्या. “फी जड जाते का?”

“जड त पोतंही जाते. उचलाच लागते.”

“पण आणता कुठून?”

“रैवारी गोदामात जातो. आतल्या बाजूले. तिथं ज्यादा भेटते.”

“त्याच गोदामात?”

“हाव.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “आधी का नाही सांगितलंत? मी निम्मी फी घेते.”

“नाई. माही मजुरी कोणी निम्मी केली, त मी त्याच्या दारात उभा राहत नाई. तुमची काहून कापू?”

“मग महिन्यातून एकदा या. पण ते आतलं काम सोडा.”

“महिन्यातून एकदा आलो त बरा कधी होईन? आन आत नाई गेलो त तुमाले देऊ काय?”

“खरंय. दोन्हीकडून अडकलात,” मॅडम म्हणाल्या.

देवमनला ते बरं वाटलं. उगाच धीर देणाऱ्यांना तो विटला होता. तो पहिल्यांदाच गप्प बसला.

“पोत्याखाली होतो तवा मी आवाजच नाई देला,” तो म्हणाला. “वाटलं, आवाज देला त श्वास संपन. बाहेर टोळी चहा पिऊन राह्यली होती. त्याईचं हसणं आयकू येत होतं.”

तेवढ्यात वेळ संपली. त्यानं पैसे टेबलावर ठेवले आणि पुढच्या सोमवारची वेळ मागून घेतली. त्यासाठी रविवारी पुन्हा आत शिरावं लागणार होतं. कालच्या रविवारची मजुरी तेवढ्या चार वाक्यांत गेली.