निपाणीचा मुक्काम

बंगळुरूजवळच्या पार्कला जायचं ठरलं, तेव्हा वाटेत मुक्काम कुठे करायचे हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. घरात कॉलेजला जाणारी मी एकटीच. कुठलाही फॉर्म आला, कुठलंही पत्र आलं, की आई म्हणते, "तिला दे, तिला कळतं." मला खरं तर फारसं कळत नाही. पण तसं सांगायचं धाडस होत नाही, कारण माझ्या शिकण्यासाठी घरानं काय काय सोडलंय ते मला माहीत आहे.

बाबा ड्रायव्हर आहेत. कोथरूडमधल्या दोन-तीन घरांच्या गाड्या चालवतात आणि सुट्ट्यांमध्ये त्या कुटुंबांना लांबच्या सहलींना नेतात. या पार्कला ते चार वेळा गेले होते आणि चारही वेळा पार्किंगमधून परत आले होते. मी आणि ताई लहान असताना ते आले की आम्ही विचारायचो, आत काय असतं? ते सांगायचे, "आत काय असतं ते मला काय ठाऊक? भिंतीपलीकडून लोकांचं ओरडणं ऐकू येतं."

"घाबरून ओरडतात?" ताईनं एकदा विचारलं होतं.

"तिकीट काढून ओरडतात, म्हणजे आनंदानंच असंल."

तेव्हापासून ताईच्या मनात ते पार्क बसलं. मोठेपणी आपण दोघी जाऊ, उंचावरून पाण्यात येणाऱ्या त्या घसरगुंडीवरून एकदा तरी ओरडू, असं ती म्हणायची. मग बारावीनंतर तिचं लग्न झालं. स्थळ बाबांच्या एका ड्रायव्हर मित्रानं आणलं, निपाणीजवळच्या गावातलं. मुलगा चांगला होता, आजही आहे. त्याच वर्षी मी अकरावीला सायन्स घेतलं. दोघींचं शिक्षण एकदम झालं नसतं, असं कोणी तोंडानं कधी म्हटलं नाही. पण मला ते माहीत होतं.

म्हणून मागच्या दिवाळीत बाबांनी आत्याच्या मुलाची गाडी मागून आणायचं कबूल केलं, तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. ताईला बरोबर न्यायचं. फोनवर विचारलं तर ती म्हणाली, "येते की." तिच्या आवाजात मला काही वेगळं ऐकू आलं नाही. कदाचित मी नीट ऐकलंच नसेल.

मी लॅपटॉपवर तक्ता केला. तारीख, निघायची वेळ, चहाचे थांबे, मुक्काम. धायरीहून सकाळी दहाच्या सुमारास निघून पहिला मुक्काम निपाणीजवळ, दुसरा चित्रदुर्गला, मग पार्क. येतानाही तसंच थांबत यायचं. बाबांना तक्ता दाखवला तर ते बराच वेळ त्याकडे बघत बसले. त्यांच्या सगळ्या सहलींत मुक्काम दुसरे ठरवायचे. त्यांना माहीत असायचं ते वेगळं. कुठल्या हॉटेलात ड्रायव्हरला खाट मिळते, कुठे गाडीतच झोपावं लागतं, कुठल्या पंपावर आंघोळीला गरम पाणी असतं.

"यात पार्टी कोण?" त्यांनी विचारलं. सहलीसाठी गाडी ठरवणाऱ्यांना ते पार्टी म्हणतात.

"आपणच."

"मग ड्रायव्हरची झोपायची सोय?"

"बाबा, तुम्हीपण पार्टी."

ते हसले. सहलीच्या त्या सगळ्या गडबडीत ते मोकळेपणी हसलेले मला आठवतात ते एवढंच.

आता माझ्या चुकीचं सांगते. आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत आई-बाप तिच्या घरी जेवत नाहीत, मुक्काम करत नाहीत, पाणीसुद्धा पीत नाहीत. नातवंड झालं की मग मानानं जायचं, पंगतीला बसायचं. ताईच्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती. एवढ्या काळात बाबा दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन उभ्या-उभ्या बोलून आले होते. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. माहीत होतं. पण मला वाटायचं, हे जुनं आहे, कोणीतरी एकदा मोडलं की संपेल. आणि तक्त्यात लिहिलं, सगळ्यांनी वाचलं, तिकडे तयारी झाली, की बाबांना नाही म्हणता येणार नाही. पहिल्या मुक्कामासमोर मी लिहिलं, "ताईचं घर". तक्ता फॅमिली ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपमध्ये दाजी आहेत. त्यांनी लगेच अंगठा पाठवला आणि लिहिलं, "आईला सांगतो, या."

बाबा ग्रुपवरचं वाचत नाहीत. मी त्यांना तक्ता मोठ्यानं वाचून दाखवला तेव्हा मी फक्त "निपाणी" वाचलं, "ताईचं घर" गाळलं. त्यांनी मान डोलावली. हायवेच्या कडेला त्यांच्या ओळखीचं एक लॉज आहे, ते त्यांच्या डोळ्यांसमोर आलं असणार. ते मला समजलं होतं आणि मी गप्प राहिले.

आईला खरं ठाऊक होतं. तिनं ग्रुप वाचला होता. पण तीही गप्प राहिली, कारण तिला लेक बघायची होती. साडीत पाण्याच्या खेळांना सोडत नाहीत असं मी सांगितल्यावर ती तुळशीबागेत जाऊन नायलॉनचे टी-शर्ट आणि लेगिंग्ज घेऊन आली. माझा निळा जोड, ताईचा हिरवा. ताईचा माप न घेता आणलेला, म्हणून रोज एकदा उलगडून बघायची आणि म्हणायची, "बारीक झाली असली तर ढगळ व्हायचा गं."

कोल्हापूर मागे पडल्यावर मी बाबांना सांगितलं. गाडी चालू असताना सांगितलं, म्हणजे त्यांना माझ्याकडे वळून बघता येणार नाही. त्यांनी आरशातून पाहिलं.

"त्यांना कळवलंयस?"

"हो. त्यांनी स्वयंपाक केलाय."

"आन् मला आत्ता सांगतीस."

 निपाणी येईपर्यंत ते इंडिकेटर मात्र प्रत्येक वळणाला वेळेवर देत होते.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. ताईच्या घराची ओसरी सारवलेली होती. आत भिंतीला लागून चार गाद्या घातलेल्या, त्यातल्या दोन शेजारच्या घरून आणलेल्या असाव्यात, चादरी वेगळ्या होत्या. ताई दारात उभी होती. हिरवा जोड तिला खरंच ढगळ झाला असता.

बाबा गाडीच्या दाराला धरून उभे राहिले. ताईच्या सासूबाई बाहेर आल्या.

"या की पाव्हणं. हातपाय धुवा. गाद्या घातल्याती."

"न्हाय विहीणबाई. आम्ही लॉजवर उतरतो. सकाळच्याला लेकीला घ्यायला येतो."

"च्या तरी घ्या."

"तुम्हाला म्हाईत हाय, विहीणबाई."

सासूबाई हसल्या. अगदी साधं हसल्या, रागावल्या वगैरे नाहीत. म्हणाल्या, "म्हाईत हाय की. आमी बी वाटच बघतोय न्हवं, तुमी कवा आमच्या घरचं पानी पिताय त्याची. चार वर्सं झाली."

 दाजींनी उगाचच आमची एक बॅग उचलली आणि परत खाली ठेवली. बाबांची मान खाली गेली. मला तेव्हाच समजायला हवं होतं, पण ताईच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मग समजलं. माझ्या तक्त्यामुळे हे वाक्य असं भर अंगणात, बाबांच्या तोंडावर बोललं गेलं होतं. मी तो मुक्काम लिहिला नसता, तर बाबा नेहमीसारखे दारापर्यंत येऊन गेले असते, आणि सगळ्यांनी नेहमीसारखं न बोलता भागवलं असतं.

मी आत स्वयंपाकघरात गेले. धाकट्या बहिणीला पाणी चालतं. ताईनं मला ग्लास दिला. ओट्यावर भाकरीची चवड, पिठलं, शिवाय बाबांना आवडते म्हणून केलेली शेंगदाण्याची चटणी.

"बाबांना विचारलं होतंस का?" तिनं हळू विचारलं.

"नाही."

"मला वाटलं, तू लिहिलंस म्हणजे ते तयार झाले. दोन दिवस मी सासूबाईंना सांगत होते, आमचे बाबा राहणारेत."

मी म्हटलं, "उद्या सकाळी लवकर निघू. तुझे कपडे आणलेत आईनं. हिरवे."

"मी नाही येत."

"का? दाजी नाही म्हणाले?"

"ते कुठं काय म्हणतात. येत नाही म्हणजे नाही." मग भाकऱ्यांवर फडकं टाकत म्हणाली, "मार्चमध्ये राहिलं होतं मला. दोन महिने होत आले होते, मग गेलं. आईला माहितीय."

मार्चमध्ये माझी परीक्षा होती. आई मला सांगून काय करणार होती?  मी विचारलं, "मग फोनवर येते का म्हणालीस?"

"यायचंच होतं. गाडीत बसायचं होतं तुमच्याबरोबर. पण आता कशी बसू? बापानं पाणी नाकारलं आणि लेक घसरगुंड्या खेळायला गेली, हे उद्यापासून मी ऐकायचं. तू परत कॉलेजला जाशील."

हे तिनं टोचून म्हटलं नाही. तेच जास्त लागलं.

निघताना आईनं दारातच हिरवा जोड तिच्या हातात दिला. तिनं तो पिशवीसकट कपाटात ठेवला. केलेला स्वयंपाक डब्यात भरून द्यायला ती निघाली होती, मग तिच्याच लक्षात आलं आणि तिनं डबा परत फळीवर ठेवला. आम्ही लॉजवर गेलो आणि डाळ-भात मागवला.

पार्कबद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे. परत फिरावं असं मला वाटत होतं, पण बाबा म्हणाले, "आता निघालोय तर जायचं." आम्ही गेलो. आत शिरल्यावर बाबांना कुठे बसावं ते कळेना. ते दोनदा गेटकडे वळले, गाडी नीट लावलीय ना ते बघून येतो म्हणाले. शेवटी कपडे ठेवायच्या कपाटांजवळच्या बाकावर आमच्या बॅगा मांडीवर घेऊन बसले. आई एका उथळ टाक्यात घोट्यापर्यंत पाय बुडवून उभी राहिली. मी त्या उंच घसरगुंडीच्या रांगेत एकटी उभी राहिले. माझी पाळी आली, खाली आले. ओरडायचं राहून गेलं. खाली आल्यावर बाकाकडे पाहिलं तर बाबा माझ्याकडेच बघत होते. त्यांनी हात वर केला, मीही केला.

परतीच्या तक्त्यात निपाणीसमोरचं नाव मी खोडून टाकलं होतं. एक मुक्काम हुबळीला, तिथून थेट घर. पण दुसऱ्या दिवशी दुपारी निपाणी जवळ आल्यावर बाबांनी न बोलता गाडी हायवेवरून खाली घेतली. आई ताठ बसली. 

सासूबाई शेतावर गेल्या होत्या, दाजी कामावर. ताई एकटी होती, कपडे वाळत घालत होती. बाबा गाडीतून उतरले, ओसरीच्या पायरीवर बसले. चार वर्षांत पहिल्यांदा बसले. रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, "जरा पाणी आण गं बाई."

मला वाटलं, झालं. हे व्हायलाच हवं होतं. एवढ्या रस्त्यानं बाबांच्या मनात हेच चाललं होतं तर. माझे डोळे भरून आले.

ताई हातातला ओला कपडा पिळत तशीच उभी राहिली.

"नको बाबा."

"आण म्हणतो ना. कोण काय म्हणतंय बघतो मी."

"त्यासाठी नाही." ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "आज तुम्ही पाणी प्यायलात, की सगळे समजतील आता हिच्या बापानंसुद्धा आशा सोडली. मंगळवारी परत डॉक्टरकडे जायचंय मला. तुम्ही थांबा अजून."

 बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ तो तसाच होता. आई गाडीतून उतरली नव्हती. खिडकीची काच खाली करून ती दुसरीकडे, रस्त्याकडे बघत होती.

"बरं," बाबा म्हणाले आणि उठले.

तक्त्यात मी पुढे दोन थांबे लिहिले होते. कराडला जेवण, साताऱ्याच्या पुढे चहा. बाबा कुठेच थांबले नाहीत. मीही आठवण करून दिली नाही. आईनं दोन-तीनदा पाण्याची बाटली पुढे केली, त्यांनी मान हलवली. बाहेर चांगलंच ऊन होतं. कात्रजचा बोगदा आला तेव्हा आईनं बाटली माझ्याकडे दिली. मलाही प्यावंसं वाटेना.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. बाबांनी गाडीच्या किल्ल्या खिळ्याला अडकवल्या, चपलाही न काढता आत गेले आणि माठातलं पाणी उभ्या-उभ्या प्यायले. एक तांब्या, मग दुसरा. मी बॅगा घेऊन दारात उभी होते. ते चपला काढायला बाहेर आले, त्यांना वाट देऊन मग मी आत गेले आणि माझा ओला निळा जोड दोरीवर टाकला.