भरल्या हंड्याची वाट

टेक्सासमधल्या आमच्या फ्रिस्कोच्या घरात पाहुण्यांची खोली आणि माझं ऑफिस एकच आहे. अप्पा, म्हणजे माझे वडील, सहा महिने राहायला आले तेव्हा त्यांचा पलंग खिडकीशी होता आणि माझं टेबल भिंतीशी. आठवड्यातले दोन दिवस मी घरून काम करायची. ते पलंगावर मांडी घालून बसायचे आणि माझ्या पाठीमागून स्क्रीन बघायचे. इंग्रजी त्यांना येत नाही, पण रूळ आखलेला कळायला इंग्रजी लागत नाही.

काम आफ्रिकेतल्या एका देशाचं होतं. देशाचं नाव लिहीत नाही, नोकरीच्या करारात तसं आहे. त्या देशाला समुद्र नाही. तांबं त्यांचं, पण बंदर शेजारच्या देशात. आजवर सगळा माल ट्रकने जायचा आणि सरहद्दीवर ट्रकांच्या रांगा दिवसचे दिवस उभ्या राहायच्या. म्हणून खाणीपासून बंदरापर्यंत मालगाडीचा एकेरी मार्ग टाकायचा होता. तो डॅलसमधल्या आमच्या कंपनीकडे आला आणि त्यातला सरहद्दीलगतचा तुकडा माझ्याकडे. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'डिझाइन' या चौकटीत माझी आद्याक्षरं पहिल्यांदा पडली तेव्हा मी त्या कोपऱ्याचा फोटो काढून घरी पाठवला होता. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

अप्पा रेल्वेत चावीवाले होते. बडनेऱ्याच्या बाजूला आपल्या हद्दीतला रूळ रोज पायी तपासायचा, रूळ जागेवर धरणारी लोखंडी चावी सैल झाली असेल तर हातोड्यानं ठोकून बसवायची, हे त्यांचं काम. हे त्यांनी तीस वर्षं केलं. त्यांच्या पगारावर मी इंजिनिअरिंग केलं, आणि तिथून पुढे स्कॉलरशिपवर टेक्सासला आले.

सरहद्दीच्या थोडं अलीकडे एक लूप द्यायचा होता. लूप म्हणजे मुख्य रुळाशेजारचा दुसरा रूळ, जिथे एक गाडी बाजूला उभी राहते. कस्टमचे कागद होईपर्यंत मालगाड्या तिथे थांबणार होत्या. लूपला सपाट जागा लागते. सगळा मुलूख चढउताराचा, एकच लांबलचक सपाटी सापडली. मी लूप तिथे बसवला. माती कमी खोदावी लागत होती, सगळे खूश झाले. त्याच्या एका बाजूला पाचपन्नास झोपड्यांचं गाव होतं आणि दुसऱ्या बाजूला नदी. गावाला रस्ता नव्हता, त्यामुळे फाटकांच्या यादीत ते गाव नव्हतं. यादी रस्त्यांची असते.

एका दुपारी अप्पा उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. वरून काढलेल्या फोटोत गावापासून नदीपर्यंत केसासारख्या दोन रेघा दिसत होत्या. एक सरळ, एक वळसा घालून जाणारी.

"हे काय आहे?"

मी म्हटलं, शेळ्यांच्या वाटा असतील.

"शेळ्याइची वाट फाटत जाते. एक इकडे, एक तिकडे. हे बायाइची आहे." त्यांनी सरळ रेघेवरून बोट नेलं. "हे रिकामा हंडा घेऊन जायाची. अन् हे," वळशाच्या रेघेवरून बोट परत आणलं, "भरला हंडा घेऊन यायाची. डोक्यावर वजन असलं की माणूस चढ टाळते."

 तेच तर मी सकाळपासून करत होते. त्या देशातून तांबं भरून गाडी बंदराकडे जाणार, येताना बरीचशी रिकामी येणार. म्हणून भरल्या गाडीच्या दिशेला चढ कमी ठेवायचा, हा आमच्या कामाचा पहिला नियम. मी तो सॉफ्टवेअरमध्ये बसवत होते. त्या बायांनी तो पायांनी बसवला होता, माझ्या किती आधी कोण जाणे. आणि माझा लूप त्यांच्या दोन्ही वाटांवर आडवा पडत होता.

मी म्हटलं, अप्पा, गाडी तिथे उभी असणार, पळणार नाही. धोका कमी आहे.

त्यावर ते जे बोलले ते मला शब्दाशब्दानं आठवतं.

"चालत्या गाडीले सारे भेतात, माय. उभ्या गाडीले कोनी भेत नाई. गाडी दोन-दोन घंटे हालत नाई, तिकडे पोरगं पान्यासाठी रडून राहिलं. बाई खालून जाते. मंग गाडी सुटते."

त्यांच्या हद्दीत एक भाजीवाली अशीच गेली होती. ते मला आठवतं, कारण त्या दिवशी अप्पा क्वार्टरच्या नळावर कितीतरी वेळ हात धूत होते आणि आई त्यांच्यासाठी टॉवेल धरून उभी होती. मी तिसरीत होते.

"खालून एक मोरी दे," ते म्हणाले. मोरी म्हणजे रुळाखालून काढलेला चौकोनी रस्ता. पाण्यासाठी असते, माणसांसाठीही करता येते. "बाई हंडा न उतरवता जाईल, इतकी उंच दे."

मी हो म्हटलं.

लूपच्या ड्रॉइंगचं शीट शुक्रवारी पुढे जायचं होतं. गुरुवारी मीटिंग. आमच्या टीमचे प्रमुख पुण्याचे, साठीच्या जवळ आलेले. त्यांचे वडील इंजिनिअर, आजोबाही इंजिनिअर. मी नवीन असताना त्यांनी जेवताना मला मराठीत विचारलं होतं, वडील काय करायचे? मी म्हटलं होतं, रेल्वेत, पर्मनंट वे डिपार्टमेंटला. हे खोटं नाही. रुळांच्या खात्याला तसंच म्हणतात, आणि चावीवाला त्याच खात्यातला. ते हसून म्हणाले होते, "अरे वा, म्हणजे साहेबांची मुलगी तुम्ही. रूळ रक्तातच आहेत की." मी ते दुरुस्त केलं नाही. पुढेही कित्येक वर्षं केलं नाही.

गुरुवारी माझं शीट पडद्यावर आलं. दोन्ही रेघा तिथे दिसत होत्या, पण त्या कशा वाचायच्या हे खोलीत मला एकटीलाच माहीत होतं. प्रमुखांनी इंग्रजीत विचारलं, यावर काही बाकी आहे का? मला सांगावं लागलं असतं की हे सर्व्हेत नाही, कुठल्या अहवालात नाही, हे माझ्या वडिलांनी ओळखलं. मग वडील नेमके कोण होते ते आलं असतं.

मी म्हटलं, "नो, वी आर गुड."

पुढचं शीट आलं.

घरी आले तर अप्पा दारातच. मोरीचं झालं का? मी म्हटलं, झालं अप्पा, लावली. किती उंच, त्यांनी विचारलं. मी आकडासुद्धा सांगितला. त्यांनी स्वतःचा हात डोक्यावर उभा धरून अंदाज घेतला आणि मान हलवली.

त्या शनिवारी मराठी मंडळाचं पॉटलक जेवण होतं. अप्पांनी तिथे चार काका-काकूंना धरून ती मोरी सांगितली. आपण वाट ओळखल्याचं सांगितलं नाही. माझ्या पोरीनं बायांसाठी मोरी दिली, एवढंच. एक काकू मला म्हणाल्या, यू मस्ट बी सो प्राउड. मी मठ्ठ्याचा ग्लास घेऊन दुसऱ्या खोलीत गेले.

ड्रॉइंगच्या पुढच्या दुरुस्तीत घालू, असं मी स्वतःला सांगितलं. हे अगदी खरं सांगते, मला ते करायचं होतं. पण पुढची दुरुस्ती दुसऱ्या कुणाकडे गेली आणि मला टेक्सासमधलंच काम मिळालं. अप्पा परत गेले. फोनवर महिन्या-दोन महिन्यांनी विचारायचे, ती मोरी झाली का गं? मी म्हणायची, काम चालू आहे. मार्ग बांधून झाला. उद्घाटनाचा व्हिडिओ आला, पहिल्या इंजिनाला झेंडूसारख्या कसल्याशा फुलांच्या माळा होत्या. मी तो अप्पांना पाठवला नाही.

त्या मार्गाच्या जुन्या मेलिंग लिस्टवर माझं नाव राहून गेलं होतं. दर महिन्याचा अहवाल यायचा, मी उघडायची नाही. एकदा उघडला. लूपवर उभ्या मालगाडीचा फोटो होता. डब्यांच्या खालून पलीकडचं गवत दिसत होतं, आणि चाकांच्या मधल्या जागेत पाणी आणायचा एक पिवळा प्लास्टिकचा कॅन. कुणाचा आहे ते फोटोत नव्हतं. मी फोटो मोठा करत गेले, चौकोनच चौकोन दिसायला लागले तरी करत होते.

तेव्हापासून मला ती सवय लागली. इथे फ्रिस्कोतूनही मालगाडी जाते. फाटकावर ती थांबली की मी स्टिअरिंगवर मान खाली घालून डब्यांखालून बघते. बहुतेक वेळा पलीकडच्या गाड्यांचे टायर दिसतात. एकदा मला पावलं दिसली, धुळीनं पांढरी झालेली, बायकांची. माझी मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली, "आई, द गेट इज अप." पुढे रस्ता मोकळा होता. मागचे लोक हॉर्न वाजवत होते.

दोन महिन्यांनी अपघाताचा अहवाल आला. गाडी कागदांसाठी बराच वेळ उभी होती, सुटली तेव्हा खाली एक स्त्री होती. रेल्वेच्या हद्दीत अनधिकृत प्रवेश, असं कारण लिहिलं होतं. किलोमीटरचा आकडा मला वाचावा लागला नाही.

मी प्रमुखांच्या खोलीत गेले आणि दार लावलं. सगळं सांगितलं. वडील साहेब नव्हते, चावीवाले होते. त्यांनी वाट ओळखली होती. मला माहीत होतं. मी बोलले नाही.

त्यांनी अहवाल शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाले, "पण मी काय हसलो असतो का तुम्हाला?"

नसते हसले. ते मला तेव्हाच, त्यांच्या चेहऱ्याकडे बघून कळलं. नोकरी जाईल म्हणून मी घाबरून गेले होते, पण हे त्याहून वाईट होतं.

त्यांनी माझ्यादेखत तिथल्या रेल्वेला पत्र लिहायला घेतलं. पायवाट कुणी ओळखली ते त्यात मी अप्पांच्या हुद्द्यासकट लिहायला लावलं. मोरी मंजूर झाली. मी ड्रॉइंग केलं, उंची अप्पांनी हात धरला होता तेवढी. बांधायला अजून वेळ आहे. तोवर लूपवरच्या गाडीचे डबे वाटेपाशी एकमेकांपासून सोडवून मधली वाट मोकळी ठेवा, असंही आम्ही कळवलं. उत्तर आलं की सूचना विचाराधीन आहे.

मग अप्पांना फोन केला. माझी सकाळ, त्यांची संध्याकाळ. मोरी नव्हती, बाई गेली, सगळं सांगितलं.

"जाताना का येताना?" त्यांनी विचारलं.

अहवालात नव्हतं.

"विचार. अन् नाव विचार तिचं."

मी साइटवरच्या इंजिनिअरला मेल केली. तो तिथलाच, तरुण. त्याचं उत्तर आठवड्यानं आलं, तो गावात जाऊन आला होता. येताना. तिनं भरलेला कॅन आधी पलीकडे सरकवला होता आणि मग ती खाली गेली. नाव त्यानं लिहिलं होतं, वयही. ते मी इथे लिहीत नाही. माझ्या गोष्टीत घालायला ते माझं नाही. अप्पांना मात्र सांगितलं. त्यांनी ते दोनदा चुकीचं म्हटलं, तिसऱ्यांदा बरोबर.

मला वाटलं ते रागावतील. म्हणाले, "मले खोटं सांगितलं, ते जाऊ दे. पन म्या लोकाइले सांगितलं ना, माय."

दुसऱ्या दिवशी भावाचा फोन आला. तो त्यांच्याजवळच राहतो. चिडला होता. अप्पा सकाळी स्टेशनबाहेरच्या टपरीवर गेले होते, जिथे रुळावर काम करणाऱ्या त्यांच्या गँगमधले जुने लोक बसतात. सगळे यायची वाट बघितली आणि उभं राहून सांगितलं की मोरी नव्हती. पोरीनं दिली नव्हती. बाई मेली. मग जे दोघे आजारपणामुळे टपरीवर येत नाहीत, त्यांच्या घरी जाऊन सांगितलं.

"तुला काय गरज होती त्यांना सांगायची?" भाऊ म्हणाला. "या वयात?"

मी विचारलं, लोक काय म्हणाले.

"काय म्हणणार?  एकानं त्यांना बसायला जागा दिली."

मी विचारलं, आता कसे आहेत. तो म्हणाला, तसे बरे आहेत, जेवतात. फक्त संध्याकाळी ओट्यावर बसले की त्याला विचारतात, तिकडे आत्ता किती वाजले असतील. पहिल्यांदा त्यानं अमेरिकेची वेळ सांगितली. ते म्हणाले, ते नाही, त्या देशात. आता तो मोबाइलवर बघून सांगतो. चार वाजलेत म्हटलं, की मान हलवतात.

"निघाल्या असतील," म्हणतात.