म्हादूची फांदी

निमोण्याच्या गुलाबभाई गारगोट्यांना काळजी करायला कारण लागत नसे. एसटी साडेनऊची असली की हे साडेआठला फाट्यावर हजर. बैल घ्यायचा असला की गाव त्यांनाच बाजारात घेऊन जाई, कारण दात बघून जनावराचं वय सांगण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता; पण बैल दुसऱ्याच्या दावणीला बांधून झाला तरी ‘आपण चुकीचं तर सांगितलं न्हाई ना’ म्हणून रात्रभर कूस बदलणार हेच. वय चौऱ्याहत्तर. अडीच एकर रान, त्यात कांदा आणि कडेनं झेंडू. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलगा सलीम दौंडला रिक्षा चालवतो. अशा माणसाच्या हाती दुसऱ्याच्या लेकीचं कॉलेज यावं म्हणजे कहरच झाला.

झालं असं की भिमाजी गारगोट्यांच्या नातीचा, समृद्धीचा, फार्मसीला नंबर लागला, पण तो कुणबी दाखल्यावर, आणि दाखला अजून निघायचा होता. जुन्या गावदप्तरात राणोजी गारगोट्याच्या नावापुढं ‘कुणबी’ अशी नोंद सापडली होती. राणोजी हा भिमाजींचा खापरपणजोबा, हे गावात शेंबडं पोरही सांगेल. पण कचेरीला शेंबडं पोर चालत नाही, कागद लागतो. आणि राणोजीपासून पुढची साखळी जोडणारा कागद एकच होता. सव्वाशे वर्षांपूर्वीचं मोडीतलं वाटणीपत्र. भिमाजींच्या घरची प्रत त्यांच्याच कुणा आजोबानं लाजेपोटी चुलीत घातलेली. दुसरी प्रत गुलाबभाईंच्या घरी, फडताळात कुराणाशेजारी, हिरव्या फडक्यात.

कारण राणोजीला मुलगे दोन. थोरल्या भिकूची फांदी भिमाजींची, धाकट्या म्हादूची गुलाबभाईंची. म्हादू मुसलमान झाला.

कसा झाला, ते दोन्ही घरांत एकाच तऱ्हेनं सांगत. दुष्काळात म्हादू चाऱ्यासाठी बैल घेऊन लांब गेला आणि वाटेत पटकीनं पडला. बरोबरचे त्याला सोडून पळाले. एका दर्ग्यातल्या फकिरानं उचलून नेलं, महिनाभर आपल्या वाडग्यातली पेज पाजली. म्हादू जगला, घरी आला, तर भावकीनं पंगतीतून उठवलं. बाटलास, दंड भर! ‘जगवलं त्यानं आन् दंड तुम्हाला व्हय?’ म्हणून म्हादू उलट्या पावली गेला, तो महंमद होऊनच परतला. थोरल्यानं मात्र वाटणी चोख केली, विहिरीचं पाणीसुद्धा निम्मं दिलं. हल्ली मोबाईलवर कुणी तलवारीच्या गोष्टी पाठवल्या की गुलाबभाईंना वाटे, एकदा सांगावं, बाबांनो, आमच्यात तलवार नव्हती, पेजेचं वाडगं होतं. पण त्यांना मोबाईलवर उत्तर लिहिता येत नसे, आणि येत असतं तरी भीतीनं लिहिलं नसतं.

पितृपंधरवड्यात भिमाजींकडं म्हाळ, म्हणजे पूर्वजांचं श्राद्ध, असला की म्हादूच्या नावानं एक पान वाढलं जाई, आणि त्यावर पितर म्हणून जेवायला बसत गुलाबभाई. त्यांच्या आधी त्यांचे वडील बसत. खीर-वडे खाऊन ‘तृप्त झालो’ म्हणायचं, मग भिमाजींनी नमस्कार करायचा. तीन वर्षांपूर्वी ते थांबलं. भिमाजींचा पुतण्या सत्यजीत पुढारी झाला होता, त्याला निवडणुकीला उभं राहायचं होतं. ‘यंदा पंगत ल्हान हाय,’ एवढाच निरोप आला. गुलाबभाईंनी त्या दिवशी घरी डाळभात शिजवला, पण तो त्यांना गेला नाही. अपमानापेक्षा धाकच जास्त बसला. पंगतीतून उठवायची सुरुवात अशीच होते, हे त्यांना पणजोबावरून ठाऊक होतं.

आता तीच माणसं कागद मागायला आली. भिमाजी स्वतः आले नाहीत, नातीला पाठवलं. समृद्धी उंबऱ्यातच बसली. ‘आबा, परवा शेवटची तारीख हाय,’ म्हणाली आणि नखानं उंबऱ्याचं लाकूड कोरू लागली. लहानपणी ही पोर यांच्या बैलगाडीतून उतरायला तयार नसे.

सलीम फोनवर भडकला. ‘अब्बा, कागद देऊ नका. आज कागद नेतील, उद्या म्हणतील तुम्ही मुळात आमचेच, चला माघारी. न्हाईतर कागदच गायब करतील. म्हाळाला चालत न्हाई आपण, दाखल्याला बरं चालतो?’

‘आरं, वंशावळ लिवायची हाय,’ गुलाबभाई म्हणाले. ‘दोघं भाऊ कागदावर हायेत म्हणल्यावर आपली फांदीबी लिवावी लागंल. सरकारी शिक्क्यानिशी येईल, आपण कोण ते. मंग कोण काय म्हणंल?’

सलीमनं हट्ट सोडला. त्यालाही ते हवंच होतं. रिक्षा स्टँडवर त्याला महिन्यातून एकदा तरी कुणी विचारी, तुम्ही मूळचे कुठले.

दुसऱ्या दिवशी गुलाबभाई एक तास आधी फाट्यावर गेले. कागद बंडीच्या आतल्या खिशात, वरून हात. शिरूर येईपर्यंत ते बोटांवर नावं घोकत होते. म्हादू म्हंजी महंमद, त्याचा दादाभाई, त्याचा इमाम, त्याचा मी, मग सलीम, मग सलीमची तिघं. एखादं राहिलं तर? धाकटीचं जन्माच्या दाखल्यावरचं नाव वेगळं आहे, ते सांगायचं का?

कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये लॅपटॉप घेऊन अर्ज लिहिणारा बसला होता. भिमाजी आणि सत्यजीत आधीच आलेले. गावचे माजी पोलीसपाटील साक्षीला होते. समृद्धी झेरॉक्सच्या रांगेत उभी होती. लिहिणाऱ्यानं समृद्धीनं काल कागदाचा फोटो काढून मोडी वाचणाऱ्याकडून करून आणलेली नक्कल बघितली, भराभर भिकूची फांदी टाइप केली आणि विचारलं, ‘आणि दुसरा भाऊ, म्हादू. त्याचे वारस?’

गुलाबभाईंनी तोंड उघडलं.

‘निर्वंश लिहा,’ सत्यजीत म्हणाला.

‘बरं झालं,’ लिहिणारा म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. ‘वारस असले की सगळ्यांची नावं घाला, सगळ्यांचे पुरावे जोडा. महिना जातो.’ आणि त्यानं बटणं दाबली.

सत्यजीत भिमाजींच्या कानाशी लागला, पण गुलाबभाईंना ऐकू आलंच. ‘आप्पा, ती नावं बघितली की अर्ज तपासणीला पडंल. उद्या तारीख हाय.’ भिमाजींनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

गुलाबभाईंनी बंडीवरचा हात आणखी दाबून धरला. उठून जावं का? कागद खिशात आहेच. अस्सल दाखवल्याशिवाय पुढं काही होणार नाही. पण तेवढ्यात समृद्धी झेरॉक्स घेऊन धावत आली. ‘आबा, तुम्ही आलात!’ म्हणून त्यांच्याशेजारी बाकावर बसली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

‘दुसरा साक्षीदार कुठाय? दोन लागतात, गावातले जाणते,’ लिहिणारा म्हणाला. दुसरा यायचा तो पाबळला अडकला होता, फोन लागत नव्हता. पावणेचार वाजलेले. ‘मग हे आजोबा आहेत की! यांचीच घ्या ना सही.’

सत्यजीतनं मान खाली घातली. समृद्धीनं मात्र चटकन आपलं पेन उघडून पुढं केलं.

आत टेबलापलीकडच्या कारकुनानं अस्सल कागद बघून परत दिला आणि प्रतिज्ञापत्रावर बोट फिरवलं. म्हादू राणोजी गारगोटे, मयत, निर्वंश. खाली साक्षीदार, गुलाब इमाम गारगोटे. त्यानं मान वर केली. ‘आडनाव एकच दिसतंय. तुम्ही यांचे कोण?’

गुलाबभाईंनी भिमाजींकडं पाहिलं. भिमाजी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. एक शब्द, एवढाच गुलाबभाईंच्या हातात होता, आणि तो खरा होता. शेजारी पोरीनं फाईल छातीशी धरली होती.

‘कुणी न्हाई, साहेब,’ ते म्हणाले. ‘गावातला हाय.’

शिक्का बसला.

बाहेर आल्यावर समृद्धी पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मनापासून दुवा दिली. त्यात खोट नव्हती. भिमाजी दोन पावलं जवळ आले, ‘गुलाब...’ म्हणाले आणि तिथंच थांबले. गुलाबभाई ‘येतो, एसटी जाईल’ म्हणून चालू लागले. एसटीला अजून तास होता.

स्टँडवर फोन वाजला. सलीम होता.

‘अब्बा, झालं का? आलं का आपलं नाव त्यात?’

‘आलं की,’ गुलाबभाई म्हणाले. ‘एकदम खाली. माझ्याच सहीनं.’