अप्पांची दीड कट्टै

कॅसेट लावली आणि स्टुडिओतला माणूस हसला. "हे तुमचे वडील की धाकटा भाऊ, सार?" त्याने तमिळमध्ये विचारलं. अप्पांचा आवाज मिसरूड न फुटलेल्या पोरासारखा पातळ येत होता, आणि पदं कुणी मागे लागल्यासारखी पळत होती. तोंड कुठे लपवावं मला कळेना.

चूक माझीच होती. घरातला पहिला पदवीधर मी, तोही पदार्थविज्ञानाचा. विजेवर टेपरेकॉर्डर घरघरतो म्हणून मी हट्टाने सेल घातले. ते उतरलेले निघाले. यंत्र मंद चालत असताना टिपलेलं गाणं आता योग्य वेगावर धावत सुटलं होतं.

अप्पा कुंभकोणमला भांड्यांच्या दुकानात कामाला होते. दिवसभर उभं राहून गिऱ्हाइकांना पितळेची, काशाची भांडी बोटाने ठोकून दाखवायची, आणि संध्याकाळी मेलकावेरीच्या भजनमठात आपल्या घराण्यातली जुनी मराठी पदं गायची. त्यांच्या त्या उभं राहण्यावर मी शिकलो. नोकरी लागल्यावर वाटलं, त्यांच्या पदांची कॅसेट काढून मठाच्या उत्सवात लोकांना द्यावी. घरी केलेलं रेकॉर्डिंग तिरुच्चीच्या स्टुडिओत साफ करून घ्यायचं, त्याची एक मूळ प्रत करायची आणि तिच्यावरून बाकीच्या.

"वेग कमी करता येतो," तो माणूस म्हणाला. त्याच्या यंत्राला तशी कळ होती. "पण कुठवर? कुठल्या कट्टैत गातात ते?"

कट्टै म्हणजे गाण्याची पट्टी. जन्मभर ऐकूनही मला सांगता येईना. समोरच्या बूथवरून दुकानात फोन लावला.

"दीड," अप्पा म्हणाले. मागे भांडी वाजत होती. "मठात कुणालाही विचार. दीडच्या खाली मी कधी उतरलों नाही."

स्टुडिओतल्या माणसाने वेग कमी करत गाण्यामागे वाजणारी सुरपेटी दीडवर आणली. अप्पा अप्पांसारखे गाऊ लागले. मग एकेका पदातली खरखर कमी केली, कुठे आवाज बुडाला होता तो वर घेतला. शेवटच्या पदानंतर आईने आरतीची घंटा वाजवली होती. ती ऐकली आणि मी चमकलो. ती घंटा अप्पांनीच दुकानातून पारखून आणलेली. लहानपणापासून रोज कानावर पडलेली. टेपवरची तिच्याहून बारीक वाजत होती.

"अजून थोडं खाली घ्या," मी म्हटलं.

घंटा आमची झाली तेव्हा सुरपेटी एक कट्टैवर होती. आणि अप्पांचा आवाज जड, थकलेला, वरच्या स्वराआधी श्वास गोळा करणारा. घरी रेकॉर्डिंग केलं त्या दुपारी सुरपेटीची पट्टी त्यांनीच लावली होती, माझ्याकडे पाठ करून. मला वाटलं होतं, खिडकीचा उजेड हवा असेल.

"कुठलं ठेवू?" माणसाने विचारलं.

त्यांच्या नकळत त्यांची कुलपातली पेटी उघडून पाहिल्यासारखं मला झालं होतं. "दीड," मी म्हटलं. "ते म्हणाले तेच."

घरी पहिली प्रत लावली. अप्पा डोळे मिटून ऐकत होते, मांडीवर ताल चालला होता. मधेच आईला म्हणाले, "बघ, अजून चढतो आवाज." मी जमिनीकडे पाहत राहिलो. मग शेवटची घंटा वाजली आणि त्यांची बोटं थांबली.

ते उठले. देवघरातली घंटा घेतली, नखाने एकदा टिचकी मारली आणि पुरती विरेपर्यंत कानाशी धरली. मग जागेवर ठेवली. न वळताच त्यांनी विचारलं,

"बाकीच्या प्रती निघाल्या काय?"

"नाही, अप्पा. तुम्ही हो म्हटल्यावर."

"ती घंटा काढून टाकतां येते?"

"येते."

"माझी घंटा तुम्हां बापलेकांचं काय खाते?" आई म्हणाली. "एवढ्या गाण्यांत तेवढीच एक मी होतें."

अप्पा देवाकडे तोंड करून उभे होते. मी टेपरेकॉर्डरमधून कॅसेट काढण्यात उगाच वेळ घालवत होतो. आईकडे बघायला दोघांचीही मान वर होईना.