तिसरा नंबर काढून दाखवा

पुन्हा पडलो. गाडीचं पुढचं चाक मातीत रुतलं, पडद्यावरचा माणूस हँडलवरून पुढे फेकला गेला आणि मशीनमधून कोणीतरी कण्हल्यासारखा आवाज आला. मी ऑफिसच्या कपड्यांत, मशीनला जोडलेल्या सीटवर, दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरून बसलो होतो. बॅग खाली पायाशी होती. शेजारी दुकानाचे मालक दिलीप कांबळे उभे होते.

"साहेब, लागलं न्हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. माणूस चेष्टा करत नव्हता. खरोखर घाबरला होता.

"परत चालू करा," मी म्हणालो.

मी तेव्हा करमणूक शुल्क निरीक्षक होतो. सिनेमा, सर्कस, ऑर्केस्ट्रा, केबल, व्हिडिओ गेम, असं जिथे लोक पैसे देऊन मन रमवतात तिथे सरकारचा परवाना लागतो. तो आहे का, त्यातल्या अटी पाळल्या जातात का, हे बघायचं माझं काम. गोष्ट दोन हजार तीन-चारच्या सुमाराची. कोल्हापुरात राजारामपुरीच्या मागच्या बाजूला एका गल्लीत कांबळ्यांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. परवान्याची मुदत मार्चअखेर संपत होती. नूतनीकरणाचा अर्ज आला आणि त्याच आठवड्यात एक निनावी तक्रारही आली. या दुकानात मोटरसायकलच्या मशीनवर जुगार चालतो, असं त्यात लिहिलं होतं.

तक्रारीत थोडं तथ्य होतं. त्या मशीनवर शर्यतीत पहिला नंबर आला की पुढचा डाव फुकट मिळायचा. फुकट डाव म्हणजे बक्षीस. आणि बक्षीस आलं की कायदा विचारतो, ते मिळतं कशामुळे? खेळणाऱ्याच्या कौशल्यामुळे मिळत असेल तर तो खेळ, नशिबाने मिळत असेल तर तो जुगार. कॅरम खेळ आहे, मटका जुगार आहे. यांच्या मधल्या गोष्टी कुठे बसवायच्या हे ठरवायला निरीक्षक पाठवतात.

कांबळे आधी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे भरणारे कामगार होते. फौंड्री बंद पडली. हातात आलेले सगळे पैसे त्यांनी या दुकानात घातले. बाकीची मशीनं जुनीपानी होती. गिऱ्हाईक यायचं ते या एका मोटोक्रॉसच्या मशीनसाठी. मोटोक्रॉस म्हणजे मातीच्या ट्रॅकवरची मोटरसायकल शर्यत. ट्रॅकवर मुद्दाम मोठाले उंचवटे केलेले असतात, त्यावरून गाड्या हवेत उडतात आणि पुढच्या उतारावर टेकतात. मी अहवालात 'नशीब' हा शब्द लिहिला असता तर मशीनला सील लागलं असतं. मग दुकान बंद. हे कांबळ्यांना माहीत होतं, म्हणून मी पडलो की त्यांचा चेहरा उतरायचा.

"खेळ लई रियल हाय साहेब," ते म्हणाले. "खऱ्या गाडीगत हाय. म्हणून जड जातोय."

तेच मला कळत नव्हतं. मी वीस वर्षं स्कूटर चालवत होतो. एकदाही पडलो नव्हतो. खऱ्या गाडीसारखीच गाडी असेल तर मी पडतो का?

मी हिशेबी माणूस आहे. कागदावर रकाने आखले. गॅस किती, ब्रेक कुठे, पडलो कुठे. प्रत्येक डावात मी तेच केलं. सावकाश निघालो, उंचवटा दिसला की गॅस कमी केला, तोल सांभाळला. एकदा पहिल्याच उंचवट्यावर पडलो. एकदा तिसऱ्यावर. एकदा तर काहीही नसलेल्या सपाट जागी पडलो. एकदा न पडता शेवटपर्यंत गेलो, पण तोवर बाकीचे सगळे पोचून शर्यत संपली होती. माणूस तेच करतो आणि दर वेळी वेगळं होतं, तर याला दुसरं काय म्हणायचं?

"कांबळे, मला तरी हा नशिबाचाच खेळ दिसतोय," मी म्हणालो.

काउंटरच्या मागून त्यांची बायको संगीता बोलली.

"साहेब, तुमास्नी येत न्हाय म्हणून गेम नशिबाचा व्हय? मग मला इंग्रजी येत न्हाय, ते बी नशीबच म्हणा की."

कांबळ्यांनी तिच्यावर डोळे वटारले. मी कागद घडी करून बॅगेत ठेवला आणि निघालो. पण तिचं म्हणणं खोडता येईना.

ऑफिसमध्ये आमच्या साहेबांना सांगितलं. ते पद्धतशीर माणूस. म्हणाले, "जाधव, तुम्ही स्कूटरवाले. हे काम मोटरसायकलवाल्याचं आहे. नामदेवला घेऊन जा. तो पडला नाही तर कौशल्य. तो पण पडला तर नशीब. सोपं आहे."

मलाही सोपं वाटलं. नामदेव आमचा शिपाई. कोडोलीचा. रोज पहाटे मोटरसायकलला दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून तो कोल्हापुरात रतीब घालायचा आणि मग ऑफिसला यायचा. पावसाळ्यात, चिखलात, खड्ड्यांतून. त्याच्या किटलीतलं दूध कधी सांडलं नाही, अशी त्याची ख्याती होती. जिल्ह्यात याच्याहून पक्का मोटरसायकलवाला मला माहीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी नामदेव त्या सीटवर बसला. आधी आरशात बघायला मान वळवली. आरसा नव्हता.

"इथंच गडबड हाय," तो म्हणाला.

शर्यत सुरू झाली. नामदेव झकास निघाला. बसण्याची ऐट बघूनच कांबळ्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. पहिला उंचवटा आला. नामदेवने ब्रेक दाबला, गाडी हळूच उंचवट्यावर चढवली आणि अलगद उतरवायला गेला. तेवढ्यात मागून येणारी मशीनची गाडी त्याच्या डोक्यावर येऊन पडली.

"आरं! मागनं येऊन अंगावर बसतोय की!" नामदेव ओरडला. "हॉर्न कुठं हाय ह्याला?"

"हॉर्न न्हाय पावणं," संगीता म्हणाली. "आन तुमी थांबतासा कशाला? गॅस सोडायचा न्हाय. उडायचं."

"उडायचं? आन किटल्या?"

"कसल्या किटल्या?"

"आवो, हातालाच सवय झालीया. खड्डा दिसला की हात आपोआप ब्रेकवर जातोय."

नामदेव अर्धा तास पडत राहिला. शेवटी उतरला आणि हात झटकून म्हणाला, "साहेब, ही गाडी गाडीगत चालतच न्हाय. लबाड मशीन हाय."

आता मी काय लिहायचं होतं? साहेबांच्या कसोटीप्रमाणे निकाल लागला होता. पक्का मोटरसायकलवाला पडला, म्हणजे नशीब. मी कागद काढला. तेवढ्यात संगीता काउंटरवरून उठली, पदर खोचला आणि नामदेवच्या जागी बसली.

"सरका जरा. दाखवते."

ती गॅस पूर्ण पिळून निघाली. उंचवट्यावरून गाडी एवढी वर गेली की पडद्यावर नुसतं आभाळ दिसायला लागलं. मी नकळत कांबळ्यांचा दंड धरला. गाडी पुढच्या उतारावर बरोबर दोन्ही चाकांवर टेकली. मग दुसरा, मग तिसरा उंचवटा. संगीता पहिली आली. फुकट डाव मिळाला. त्यातही ती पहिली आली.

"वहिनी, तुम्ही गाडी चालवता?" मी विचारलं.

"मला सायकल बी येत न्हाय."

"मग हे कसं जमतं?"

"दुपारी गिऱ्हाईक नसतंय. बसून काय करायचं? झालं की सहा म्हैनं." तिने मला समजावलं, "हवेत असताना गॅस दिला की नाक वर येतंय, मागचा ब्रेक दाबला की खाली जातंय. त्यावर गाडी सरळ करायची आन उतार गाठायचा. तुमी भ्या वाटलं की गॅस सोडतासा. मग नाकच खाली जातंय."

मी तसं करून पाहिलं. पडलो. का पडलो ते तिने सांगितलं. मला ते नीट समजलं नाही.

साहेबांना फोन करून सगळं सांगितलं. ते खूश झाले.

"जाधव, तुम्हीच बघा. ज्याला मोटरसायकल येते तो पडतो. जिला सायकल येत नाही ती जिंकते. याहून मोठा पुरावा काय पाहिजे? नशीब लिहा आणि फाइल पाठवा."

त्यांचं बोलणं ऐकताना पटत होतं. फोन ठेवला की पटेना. त्या रात्री जेवताना मी बायकोला विचारलं, एखाद्याने लागोपाठ जिंकलं तर ते नशीब असू शकतं का? ती म्हणाली, असू शकतं, लग्नसराईत आमची मावशी चिठ्ठ्या काढून आकडे जुळवायच्या त्या हाऊजीत दर वेळी जिंकते. मी विचारलं, मग मावशी मला सांगून दुसरा नंबर काढून दाखवेल का? बायको म्हणाली, असं कसं काढेल, चिठ्ठी तिच्या हातात आहे का?

नशिबाला सांगून नंबर काढता येत नाही! मी ताटावरून तसाच उठणार होतो. बायकोने बसवलं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना म्हटलं, निकाल द्यायच्या आधी एकदा स्वतः चला. ते आले. कांबळ्यांनी खुर्ची पुसली, चहा मागवला. साहेबांनी चहाला हात लावला नाही. पाहणी संपेपर्यंत काही घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. कांबळ्यांना ते वाईट लक्षण वाटलं. ते भिंतीला टेकून उभे राहिले.

संगीता सीटवर बसली.

मी म्हणालो, "वहिनी, पहिल्या येऊ नका. तिसरा नंबर काढून दाखवा."

"तिसरा? तिसरा कशापायी? फुकट डाव जाईल की."

"जाऊ दे. तिसरा."

मला ठार वेड लागलंय अशा नजरेने ती माझ्याकडे बघत राहिली. पण निघाली. पूर्ण ट्रॅकभर पुढे होती. शेवटच्या वळणावर थांबली, दोन गाड्या जाऊ दिल्या, चौथीच्या आडवी गेली आणि तिसरी आली.

"योगायोग," साहेब म्हणाले. "पाचवा काढा बघू."

पाचव्यासाठी ती थांबली तेव्हा मशीनची एक निळी गाडी तिच्यावर येऊन आदळली. दोघंही पडली. संगीता सहावी आली.

"बघा," साहेब माझ्याकडे वळले. "नशीब."

कांबळे भिंतीला टेकल्या टेकल्या खाली बसले. माझीच युक्ती होती आणि तिनेच त्यांचं दुकान घालवलं, असं वाटलं.

"नशीब कसलं?" संगीताचा आवाज चढला. "त्या निळ्यानं धडकवलं, त्यात माझं काय? परत लावा. सांगा कितवा पायजे!"

"आता नाही सांगणार," साहेब म्हणाले. "तुम्ही निघा."

ती निघाली. साहेब हाताची घडी घालून उभे. पहिली फेरी गेली. शेवटची फेरी सुरू झाली. संगीता पहिलीच होती, समोर शेवटची रेषा दिसायला लागली होती, आणि साहेब एकदम ओरडले, "दुसरा!"

"आत्ता सांगतासा व्हय!"

शेवटच्या उंचवट्यावरून गाडी हवेत होती. संगीताने हवेतच ब्रेक दाबला, नाक खाली घेतलं, उताराच्या अलीकडेच टेकली. गाडी थबकली. एक लाल गाडी शेजारून गेली. संगीता दुसरी.

नामदेवही आमच्याबरोबर आला होता, माझ्या मागे उभा होता. तो म्हणाला, "च्या मारी."

साहेबांनी गार झालेला चहा उचलला आणि एका घोटात संपवला. कांबळे उभे राहिले.

पण साहेब साहेबच. ऑफिसला परत येताना जीपमध्ये म्हणाले, "जाधव, ती निळी गाडी विसरू नका. नशीब आहेच यात."

"आहे, साहेब. कायदा म्हणतो कौशल्य प्रामुख्याने असावं. सगळं असावं असं म्हणत नाही."

"प्रामुख्याने म्हणजे किती टक्के?"

मी खूप विचार केला. माझ्यासारख्या माणसाला आकडा सांगता न येणं फार टोचतं. शेवटी म्हणालो, "सांगता येत नाही."

"तुम्हाला?"

"मला."



अहवालात मी 'प्रामुख्याने कौशल्याचा खेळ' असं लिहिलं. तिन्ही चाचण्या नोंदवल्या, निळ्या गाडीसकट. साहेबांनी समासात शेरा मारला, 'निरीक्षकास खेळ येत नाही, तथापि निष्कर्ष मान्य.' परवान्याची मुदत वाढली. कांबळे पेढे घेऊन आले. नियमाप्रमाणे मी ते घेतले नाहीत. नामदेवने माझ्या वाट्याचेही खाल्ले.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत असल्या बऱ्याच फाइली माझ्या टेबलावरून गेल्या. एवढं कळलं, की ज्याला खेळ येत नाही त्याला तो नेहमी नशिबाचाच दिसतो. अडचण अशी, की निकाल देण्यासाठी सरकार बहुतेक वेळा त्यालाच पाठवतं.