पाऊस नको म्हणणारी

दुष्काळात पाऊस नको म्हणणारी बाई तुमी कुठं बघितली का? म्या बघितली. माझी थोरली जाऊ, दगडाबाई. मी तिला अक्का म्हणते. आमी मेंढरं राखणारे धनगर. वडवणीच्या वर डोंगरात आमची वाडी, त्यात आमची घरं थोडी, शेतकऱ्यांची जास्त. पाणी म्हणाल तर सगळ्यांना मिळून डोंगराच्या कुशीतला एकच झरा. इहिरी आटल्या तरी झऱ्यानं आमाला सोडलं न्हाई.

त्या झऱ्याच्या अगदी डोक्यावर खदान होती. बहात्तरच्या दुष्काळात मजूर सोसायटीनं ती काढली. तवा आमीबी तिथं खडी फोडून पोट भरलं, खोटं कावून बोलू? मागून सोसायटीनं खडी फोडायचं क्रशर आणलं, मग धंदा बसला आन् क्रशर भंगारात गेलं. खडी रस्त्यावर गेली आन् दगडाच्या भुकटीचा ढीग तेवढा उतारावर आमच्यासाठी ठेवला. लई उपकार!

मागल्या साली एकच सर आली, तर भुकटीचा रबडा झऱ्यात उतरला. पाणी पार राखाडी. तहानलेली मेंढरं तोंड लावीनात. अक्कानं हातानं गाळ उपसला तवा कुठं झरा वाहायला लागला.

"चतुरे," मला म्हणली, "ही तर नुसती कड घसरली. सगळा ढीग आला तर झऱ्याचं तोंडच बुजंल. मग वाडी उठली म्हण."

तवापासनं तिची झोप उडाली. लोकं ढगाकडं आशेनं बघायची, आन् ती ढिगाकडं. तिच्या जिवाला ढिगाचा घोर, माझ्या जिवाला तिचा.

सोसायटीचे चेअरमन मोहनराव, त्यांच्याकडं गेलो. पानाला चुना लावत म्हणले, "अगं दगडाबाई, आधी पाऊस तर पडू दे. मग बघू ढिगाचं."

"पाऊस पडल्यावर काय बघायचं, कपाळ?" म्या तोंडावर म्हणले. अक्कानं मला कोपरानं ढोसलं.

मग तिनंच फावडं घेतलं. भुकटी पाटीत भरायची आन् परत खदानीच्याच पोटात नेऊन टाकायची. आमी दोघी जावा, आन् ढीग देवळाच्या कळसाएवढा. लोकं हसतील न्हाईतर काय?

त्यात वाडीनं धोंडी काढली. आमच्या भावकीतल्या धुळाजीला कडुनिंबाच्या डहाळ्यांनी मढवून दारोदार फिरवलं. घरोघरी त्याच्या डोक्यावर पाणी वतायचं, म्हंजी पाऊस येतो. आमच्या दारात आले. अक्का हंडा धरून उभी, पण हात काई उचलंना.

"आज न्हाई रे बाबा धुळाजी. ढीग हलू दे, मग ये."

अगं बया! सगळी वाडी भडकली. "पावसाला आडवी जाते, हिच्यापायी दुष्काळ सरंना!" बायांनी बोलणं टाकलं. आता वाडीतून हाकलतात का काय, याचं मला भ्या.

"अक्का, तांब्याभर वतलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"आन् खरंच पडला असता तर?" ती म्हणली. "देवापुढं खोटं मागू व्हय मी?"



दुसऱ्या दिशी ती पारावर जाऊन उभी राहिली. "ज्याच्या घरचं माणूस ढिगावर येईल, त्याच्या रानात आमची मेंढरं फुकट बसवीन." मेंढरं रानात बसवली का लेंड्यांचं खत पडतं. त्याचं धान्य मिळतं, तेच आमचं वरीसभराचं पोट. तिनं तेच देऊन टाकलं, मला न विचारता! लई राग आला. ढिगावर तिच्या शेजारी पाट्या भरल्या, पण कितीतरी दिस बोलले न्हाई.

माणसं मातर आली. पयला धुळाजीच आला. ढीग उतरत चालला. झऱ्याच्या वर, भुकटी अडवायला मोठाल्या दगडांची ताल, म्हंजी बांध, रचत आणली. दाराएवढी फट तेवढी बुजवायची राहिली, आन् भर दुपारी आभाळ फुटलं.

वाडी नाचत बाहेर आली. अक्का वरडत डोंगराकडं पळाली, तिच्या मागं मी. उरलेली भुकटी फटीकडं निघालीच होती. अक्कानं अंगावरची घोंगडी फटीत कोंबली. "घरातल्या सगळ्या आण!" म्या आणल्या. सासऱ्याची, लग्नातली, लेकरांच्या अंगावरची. दगडाखाली दाबल्या. लोकर पाणी सोडती, भुकटी धरती. आमी दोघी पाठ लावून बसलो.

पाऊस थांबला. अक्कानं झऱ्यातनं ओंजळ भरली आन् मला दाखवली. पाण्याखाली तिच्या तळहाताच्या रेघा दिसत होत्या. म्या तिच्या गळ्यातच पडले.

पण पाऊस तेवढाच. पुना आभाळ कोरडं. "रुसला बघा," बाया म्हणल्या, आन् त्याच तोंडानं झऱ्यावर हंडे भरून गेल्या. शेवटची पाटी खदानीत पडली, ताल पुरी झाली, तशी ती सरळ धुळाजीच्या घरी गेली.

"धुळाजी, डहाळ्या बांध. धोंडी काढा."

सगळी वाडी आमच्या दारात आली, मोहनरावसुदिक. अक्कानं झऱ्याचा भरलेला हंडा उचलला आन् धुळाजीच्या डोक्यावर पार रिकामा केला. मग वर बघून रडत म्हणली, "पड आता. लई ताटकळत ठेवलं रे बाबा तुला."